रिकामं पार्किंग आणि आरव्हीचा रात्रीचा मुक्काम: ही कल्पना आली कुठून

पडून असलेलं पार्किंग आरव्हीवाल्यांना (आरव्ही म्हणजे आत झोपायची-राहायची सोय असलेली गाडी) रात्रीपुरतं द्यायचं, ही आयडिया नवीन वाटते पण शंभर वर्षं जुनी आहे. अमेरिकेत १९२० च्या आसपास गाडीला तंबू बांधून फिरणारी कुटुंबं इतकी वाढली (१९१९ मध्ये फ्लोरिडातल्या टॅम्पाला टिन कॅन टूरिस्ट्स नावाचा क्लबच निघाला होता) की लोक रस्त्याकडेच्या शेतात मुक्काम ठोकायचे, कचरा तिथेच टाकून जायचे, शेतकरी वैतागले, मग गावोगावच्या नगरपालिकांनी स्वतःच मोफत जागा काढून दिल्या, पाणी-शौचालयाची सोय केली. हिशोब साधा होता, रात्री थांबलेला माणूस सकाळी पेट्रोल आणि किराणा इथूनच घेणार. पण फुकट म्हटल्यावर काहीजण आठवडेच्या आठवडे राहायला लागले, त्यात कामाच्या शोधात भटकणारी गरीब कुटुंबंही होती, आणि काही वर्षांतच गावांनी फी लावली, दिवस मोजून द्यायला सुरुवात केली, बऱ्याच जागा बंदच झाल्या. मला याचं आजही वाईट वाटतं, कारण त्या फीमागे गरिबांना लांब ठेवायचा हेतूही होता. खाजगी केबिन कॅम्प आणि मोटेल वाढली ती याच काळात.

तिकडे पार्किंग मात्र वाढतच गेलं. १९२३ मध्ये ओहायोतल्या कोलंबस शहराने अपार्टमेंट बांधताना ठरावीक पार्किंग सक्तीचं केलं, नंतर असे नियम बहुतेक शहरांत आले, मॉलवाल्यांनी तर सणासुदीच्या गर्दीच्या मापाने मैदानं डांबरली जी बाकीचं वर्षभर अर्धीमुर्धी रिकामीच. २०१७ मध्ये अमेरिकेतल्याच बफेलो शहराने ही सक्ती काढून टाकली, पण आधी ओतलेलं डांबर कुठे जाणार!

मधल्या काळात गाडीच बदलली. १९५० च्या दशकात फोक्सवॅगनच्या व्हॅनमध्ये झोपायची सोय आली, १९६६ पासून विनेबागो या अमेरिकन कंपनीने मोटरहोम, म्हणजे चाकांवरचं घरच, सामान्य माणसाच्या आवाक्यात आणलं. आता ज्या गाडीत स्वतःचं टॉयलेट, पाण्याची टाकी आणि बॅटरी आहे तिला कॅम्पसाइट कशाला हवी, सपाट आणि पक्की जागा मिळाली की बास. म्हणूनच अमेरिकेत वॉलमार्ट या मोठ्या दुकानांच्या साखळीच्या पार्किंगमध्ये रात्र काढायची पद्धत पडली, अर्थात तिथला मॅनेजर आणि स्थानिक नियम हो म्हणत असतील तरच.

पण खरा गुंता जागेचा नाहीये, 'पार्क करणं' आणि 'कॅम्पिंग करणं' यातल्या फरकाचा आहे, आणि तो मला वाटतं सगळ्यात छान सोडवला इटलीने. १९९१ मध्ये तिथे खास कायदा झाला, पुढच्या वर्षी तेच वाहतुकीच्या नियमांत आलं: गाडी फक्त चाकांवर उभी असेल, इंजिनाच्या धुराशिवाय बाहेर काही सोडत नसेल आणि स्वतःच्या आकारापलीकडे जागा अडवत नसेल तर ते कॅम्पिंग नाही, पार्किंगच. म्हणजे आत कोणी झोपलंय का हा प्रश्नच उरला नाही. ब्रिटनमध्ये उलट, १९६० च्या कायद्यामुळे जमीनमालकाला अशा गाड्या मुक्कामाला ठेवायच्या तर साइट लायसन्सची, म्हणजे जागेच्या परवान्याची भानगड लागते (काही सवलती सोडून), त्यामुळे असे थांबे तिथे रेंगाळले, स्कॉटलंडच्या सरकारी जंगलखात्याने २०२१ मध्ये काही कार पार्कमध्ये एक रात्र थांबायची ट्रायल केली तेव्हा कुठे जरा हालचाल दिसली. न्यूझीलंडने २०११ मध्ये फ्रीडम कॅम्पिंगचा (ठरलेल्या कॅम्पसाइटबाहेर फुकट मुक्काम करण्याचा) कायदा केला आणि पुढे गाडीत स्वतःचं टॉयलेट आहे का याच्यावर बराच भर दिला.

फ्रान्स आणि जर्मनीत गावांनी जुनाच धंदा पुन्हा मांडला, पण १९२० च्या चुका टाळून. रिकाम्या जागेत एक खांब उभा केला, त्यातून पिण्याचं पाणी आणि वीज, शेजारी सिंक-शॉवरचं पाणी सोडायला जाळी आणि टॉयलेटची कॅसेट (मैला साठणारी, बाहेर काढता येणारी टाकी) रिकामी करायला वेगळं तोंड. फ्रान्समध्ये तर बंद पडलेली नगरपालिकेची कॅम्पिंग मैदानंसुद्धा अशीच बॅरिअर बसवून पुन्हा चालू केली आहेत.

म्हणून आज कोणी रिकामं पार्किंग दाखवून इथे वीस आरव्ही मावतील म्हणतं तेव्हा मी आधी विचारतो की ड्रेनेजची लाइन किती लांब आहे. पट्टे मारणं स्वस्त असतं, खणून मैलापाण्याची लाइन आणणं महाग, आणि ती नसेल तर कॅसेट शेवटी झुडपातच रिकामी होते आणि दोन सीझनमध्ये बंदीचा बोर्ड लागतो.