कर्ज, तगादा आणि गाव: विदर्भातल्या मानसिक आरोग्याची पार्श्वभूमी

१९ मार्च १९८६. यवतमाळ जिल्ह्यातल्या चिलगव्हाणच्या एका शेतकरी कुटुंबाचा मृत्यू. विदर्भातल्या शेतकरी आत्महत्यांची चर्चा इथून सुरू झाली असं मानतात. पण पुढची अनेक वर्षं ती सातबारा आणि कर्जाच्या वहीभोवतीच फिरत राहिली. सरकारी मदतीचे निकष तीन: नापिकी, कर्ज, वसुलीचा तगादा. तिन्हीत बसलं तर प्रकरण 'पात्र' आणि वारसांना एक लाख, त्यातले ३० हजार रोख, ७० हजार ठेवीत. सातबाऱ्यावर नाव नसलेली बाई किंवा ठेक्याने वावर करणारा माणूस या चौकटीत बसतच नव्हता. जुलै २००६ मध्ये अमरावती, अकोला, यवतमाळ, वाशीम, बुलडाणा, वर्धा या सहा जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटींचं केंद्राचं पॅकेज आलं. त्याचा मोठा वाटा सिंचनाला होता, शिवाय व्याजमाफी होती.

ही मदत गरजेचीच होती. पण माणूस ज्या गावात राहतो त्याची नोंद कोणी घेत नव्हतं. पूर्णा नदीच्या खारपाण पट्ट्यात भूजल खारट, म्हणून बोअर घेऊनही ओलीत होत नाही. सगळी भिस्त पावसावर. जंगलाकाठी रानडुक्कर आणि रोही (नीलगाय) पीक खातात, म्हणून रात्री जागल. थ्री-फेज वीज रात्रीची असली की पाणी द्यायलाही रात्रीच वावरात जायचं. आठवडेच्या आठवडे झोप मोडली की चिडचिड वाढते, निर्णय चुकतात, उदासी असेल तर ती बळावते. त्यात गावातच दारू मिळते आणि फवारणीचं औषध घरात ठेवलेलं असतं. टोकाचा विचार बहुतेकदा थोडा वेळच टिकतो. त्या वेळात हाताशी काय आहे, यावर जीव वाचणं अवलंबून असतं. श्रीलंकेने अतिविषारी कीटकनाशकांवर बंदी आणल्यावर तिथल्या आत्महत्या घटल्या, त्या याच कारणाने. म्हणून औषधाला कुलूप हवं, आणि चावी घरातल्या दुसऱ्या माणसाकडे.

राष्ट्रीय मानसिक आरोग्य कार्यक्रम १९८२ चा, जिल्हा कार्यक्रम १९९६ चा. पण मानसोपचारतज्ज्ञ जिल्ह्याच्या ठिकाणी, आणि तिथं जायचं म्हणजे दिवसाची मजुरी बुडवायची. उलट वाट 'विश्राम' प्रकल्पाने धरली. अमरावती जिल्ह्यातल्या ३० गावांत गावातल्याच कार्यकर्त्यांनी घरोघरी बोलायला सुरुवात केली. नैराश्य असलेल्यांपैकी उपचार घेणारे दीड वर्षात ४.३ टक्क्यांवरून २७.२ टक्क्यांवर गेले. आत्महत्येचे विचार ५.२ वरून २.५ टक्क्यांवर आले. तुलनेला दुसरी गावं नव्हती, त्यामुळे सगळं श्रेय प्रकल्पाला देता येत नाही. तरी उपचार घेणाऱ्यांमधली वाढ फार मोलाची आहे.

२०१५ मध्ये राज्याने १४ जिल्ह्यांत 'प्रेरणा प्रकल्प' आणला आणि हे काम आशाताईंकडे आलं. प्राथमिक चाचपणीचे प्रश्न दोनच: गेल्या दोन आठवड्यांत कशात मन लागत नाही असं झालं का? उदास, निराश वाटलं का? अडतं ते विचारण्याच्या जागेवर. अंगणात सासू-सासऱ्यांसमोर विचारलं की उत्तर 'नाही' येतं. तेच विहिरीवर किंवा वावरात एकटीला विचारलं तर ती बोलते. होकार आला तर नऊ प्रश्नांची यादी घ्यायची. उत्तरांच्या गुणांची बेरीज दहा किंवा जास्त आली तर डॉक्टरकडे पाठवायचं. जिवाचं बरंवाईट करण्याचा विचार सांगितला, तर बेरीज न पाहता त्याच दिवशी पाठवायचं आणि माणसाला एकटं सोडायचं नाही. १४४१६ हा टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीचा मोफत क्रमांक ऑक्टोबर २०२२ पासून चोवीस तास सुरू आहे.

उपचार तुटतो तो बहुधा पहिल्या महिन्यात. नैराश्यावरच्या गोळीचा गुण यायला दोन ते चार आठवडे लागतात, आणि बरं वाटल्यावरही ती किमान सहा महिने चालू ठेवावी लागते. सोयाबीन काढणी आणि कापूस वेचणीच्या दिवसांत दवाखान्याची फेरी चुकते. म्हणून हंगामाआधीच महिन्याभराच्या गोळ्या घरातल्या जबाबदार माणसाच्या हाती द्यायला हव्यात.