सेल उतरलेत की कंडेन्सर वाळलाय?

जुना ट्रान्झिस्टर रेडिओ हळू आवाजात छान वाजतो, पण आवाज वाढवला की घोगरा होतो, नाहीतर विहिरीवरच्या ऑइल इंजिनासारखा पुट-पुट करू लागतो. सेल उतरले तरी हेच होतं आणि आतला फिल्टर कंडेन्सर, म्हणजे थोडी वीज साठवून व्होल्टेज सावरणारा भाग, वाळला तरी हेच. विदर्भातल्या आठवडी बाजारात भंगाराच्या ढिगातून निघणारे कितीतरी चांगले सेट या एका गल्लतीपायी तिथे पोचलेले असतात. "लय सेल खाते न जी थो," एवढं कारण विकणाऱ्याला पुरतं.

सेट खरंच सेल खात असतो का? बहुतेक वेळा नाही. आउटपुटची, म्हणजे स्पीकर वाजवणारी ट्रान्झिस्टर-जोडी हळू आवाजात थोडाच करंट घेते, मोठ्या आवाजात कितीतरी पट. सेल वापरला जाईल तसा त्याचा आतला रोध वाढतो, त्यामुळे ढोलकीच्या प्रत्येक थापेला व्होल्टेज खाली बसतं. ते सावरायला सप्लायवर बहुधा १०० ते २२० मायक्रोफॅरडचा (हे कंडेन्सरच्या साठ्याचं माप) कंडेन्सर असतो. त्यातला ओला कागद वर्षानुवर्षं सुकत जातो आणि टिनाच्या घरात, ४५ अंशांच्या उन्हाळ्यात आणखी लवकर सुकतो. मग अर्धे वापरलेले सेलही सेटला पुरत नाहीत. माणूस ते फेकतो, नवे टाकतो, आठवडाभर बरं चालतं, पुन्हा तेच. फेकायच्या आधी ते सेल टॉर्चमध्ये घालून पाहा. टॉर्च चांगली पेटली तर संशय कंडेन्सरवर घ्या.

खरे उतरलेले सेल आणखी एक खूण देतात. ते रात्रभर विसावले की सकाळी थोडा वेळ बरे वाजतात. शिवाय व्होल्टेज पडल्यावर आतला ऑसिलेटर (स्टेशन पकडायला लागणारी लहर तयार करणारा भाग) अशक्त होतो, म्हणून शॉर्टवेव्हची स्टेशनं आधी जातात आणि मीडियम वेव्हवरचं, ५८५ किलोहर्ट्झचं नागपूर शेवटपर्यंत टिकतं. कंडेन्सरच्या दुखण्यात स्टेशनं बहुधा जागची हलत नाहीत.

मीटर लावायचा तर सेट मोठ्याने वाजत असताना लावा, कारण भार नसताना मोजलेला थकलेला सेलसुद्धा १.४ व्होल्ट दाखवून फसवतो. चार सेलच्या सेटमध्ये ६ व्होल्टचे ४ वर येत असतील तर आधी प्रत्येक सेल वेगळा मोजा. सेल ठीक, पण तारेवर व्होल्टेज कमी, असं निघालं तर स्प्रिंग गंजली आहे. ती बारीक पॉलिश पेपरने घासली की काम होतं.

कंडेन्सरची परीक्षा त्याहून सोपी. १०० मायक्रोफॅरड, १६ व्होल्टचा चांगला कंडेन्सर जुन्याला समांतर टेकवा. पुट-पुट थांबली, की निदान झालं. फक्त टोकं सांभाळा: जर्मेनियम ट्रान्झिस्टरच्या (जुन्या प्रकारच्या) बऱ्याच सेटांत चेसिसला, म्हणजे सर्किटच्या सामाईक बाजूला, प्लस जोडलेला असतो, मायनस नव्हे. सवयीने उलटं लावलं तर नवा कंडेन्सरही जाईल. आणि ही परीक्षा सेलवरच करा. साध्या एलिमिनेटरची (सेलऐवजी घरच्या विजेवर चालवणाऱ्या डबीची) घरघर मध्ये आली की काहीच कळत नाही.

बदलायचा तो एवढाच. सगळे कंडेन्सर उपटून नवे घालणं मला पटत नाही. सिरॅमिकचे सहसा बिघडत नाहीत आणि जुन्या बोर्डावरच्या तांब्याच्या पट्ट्या सोल्डरिंगच्या उष्णतेने उचकटतात. जर्मेनियमला तर उष्णता सोसतच नाही. त्याच्या जवळ काम करताना पाय पकडीने धरून ठेवावा, म्हणजे ताप पकडीत जातो.