चार चौकटींचा रतीब

पेपर दारात पडला की आत्या आधी 'चिंटू' ही चित्रमालिका उघडायची. मथळे नंतर, राशिभविष्य त्याच्याही नंतर. गिरगावातल्या आमच्या चाळीत हा रोजचा क्रम होता. गॅलरीत उभ्या उभ्या चार चौकटी वाचायच्या आणि चहा गाळता गाळता निकाल द्यायचा: "मस्त", "बरा आहे", नाहीतर "आज नाही जमला". आठवड्यातून तीनदा तरी नाही जमायचा. पण संध्याकाळी अंधेरीहून चर्नी रोडला उतरून घरी आली की कात्री घेऊन ती त्या चार चौकटी कापायची आणि शंभरपानी वहीत डकवायची. जमलेला, न जमलेला असा भेद नाही. न जमलेले कशाला ठेवतेस, असं मी एकदा विचारलं. "मग तारखा तुटतात," ती म्हणाली.

पेपरातल्या चित्रमालिकांचा इतिहास वाचायला लागल्यावर तिचं हे वाक्य मला पुन्हा पुन्हा आठवलं. या मालिका रोज सारख्याच चांगल्या का नसतात, आणि नसल्या तरी लोक त्यांना का धरून राहतात, हे दोन प्रश्न वेगळे वाटतात. माझ्या मते दोन्हींचं मूळ एकच आहे, आणि ते म्हणजे रतीब. दूध कधी दाट येतं, कधी पातळ. पण भय्या आला नाही, तर पाच मिनिटांत सगळ्या घराला कळतं.

हा रतीब सुरू कसा झाला ते पाहू. १८९५ साली जोसेफ पुलित्झर यांच्या 'न्यूयॉर्क वर्ल्ड'मध्ये रिचर्ड आउटकॉल्ट हे चित्रकार शहरातल्या गरीब वस्तीतल्या पोरांची चित्रं काढत होते. त्यातला लांब झग्यातला, तुळतुळीत डोक्याचा आणि मोठ्या कानांचा मुलगा लोकांना फार आवडला. त्याचा झगा पिवळा, म्हणून तो 'यलो किड'. पुढच्याच वर्षी विल्यम रँडॉल्फ हर्स्ट यांनी आउटकॉल्टना आपल्या 'न्यूयॉर्क जर्नल'मध्ये ओढून नेलं. पुलित्झर यांनी दुसऱ्या चित्रकाराला बसवून तोच मुलगा चालू ठेवला. एकाच शहरात दोन पेपर आणि दोन पिवळी पोरं! 'पीत पत्रकारिता' हा आपण आज सर्रास वापरतो तो शब्द याच भांडणातून रूढ झाला. चित्रमालिका ही पहिल्यापासून पेपर खपवायची वस्तू होती. तिच्यात कला आली, पण तिला ठरावीक जागी आणि ठरावीक वेळी यावं लागलं.

रोजची मालिका मात्र घोड्यांमुळे रुजली. १९०७ मध्ये 'सॅन फ्रान्सिस्को क्रॉनिकल'च्या क्रीडापानावर बड फिशर यांनी ए. मट नावाचा शर्यतीचा नादी माणूस आणला. मट ज्या घोड्यावर पैसे लावायचा, तो त्या दिवशीच्या खऱ्या शर्यतीत धावणारा असायचा. तो जिंकला की हरला, ते उद्याच्या पेपरात. महालक्ष्मीच्या रेसकोर्सकडे जाताना शर्यतीचं पुस्तक उघडून लोकलच्या दारात उभी राहिलेली माणसं ज्यांनी पाहिली आहेत, त्यांना ही ओढ समजावून सांगायला नको. पुढे मटला जेफ हा जोडीदार मिळाला आणि घोडे मागे पडले. उद्याची वाट बघणं तेवढं राहिलं.

मग आलं सिंडिकेट. एका चित्रकाराची मालिका एका पेपराने छापण्याऐवजी ती शेकडो पेपरांना विकायची, असा हा व्यवहार. हर्स्ट यांच्याच गटातून 'किंग फीचर्स' उभं राहिलं. प्रत्येक पेपराला मालिका स्वस्तात पडते आणि सगळ्यांचे मिळून पैसे मोठे होतात. पण त्यामुळे चित्रं कित्येक आठवडे आधी द्यावी लागतात, म्हणजे कालच्या घटनेवर बोलायची सोय नाही. शिवाय शेकडो गावांतल्या शेकडो संपादकांपैकी कुणालाच खटकू नये, असा विषय हवा. मग झोप, खाणं, साहेब, शेजारी आणि कुत्रा-मांजर एवढंच हाताशी राहतं. १९७८ साली आलेल्या गारफील्ड या लठ्ठ बोक्याला तेव्हापासून सोमवारचा कंटाळा आहे. १९३० साली सुरू झालेल्या 'ब्लाँडी'चा डॅगवुड अजून सँडविचचे ढीग रचतो. ती मालिका काढणारे चिक यंग १९७३ मध्ये गेले आणि त्यांच्या मुलाने ती पुढे चालवली. घराण्याचं दुकान चालवावं तशा अशा बऱ्याच मालिका चालल्या. त्यांत कौशल्य टिकतं, पण पहिल्या माणसाला जे सांगायचं होतं ते हळूहळू विरत जातं. दर्जा घसरतो तो बहुतेक वेळा इथे.

याच्या अगदी उलट वाटेने जॉर्ज हेरिमन गेले. त्यांची 'क्रेझी कॅट' १९१३ ते १९४४ चालली. मांजर उंदरावर प्रेम करतं, उंदीर त्याला वीट मारतो आणि मांजराला ती प्रेमाची खूण वाटते. तीस वर्षं एवढीच गोष्ट. अनेक वाचकांना ती कळत नसे आणि अनेक संपादकांना ती नको होती, पण खुद्द हर्स्ट यांना आवडे म्हणून ती टिकली. हेरिमन वारले आणि मालिका थांबली. आज ती या कलेतल्या सर्वांत मोठ्या कामांमध्ये धरतात. लोकांच्या पसंतीवरच सगळं सोडलं असतं, तर ती तीस वर्षं टिकली नसती.

आणि चार्ल्स शुल्झ. २ ऑक्टोबर १९५० रोजी 'पीनट्स' अवघ्या सात पेपरांत सुरू झाली. पुढची जवळजवळ पन्नास वर्षं शुल्झ यांनी मदतनीस न घेता, अक्षरं आणि बोलण्याच्या फुग्यांसकट, सगळं स्वतः काढलं. एकूण १७,८९७ पट्ट्या. शेवटची १३ फेब्रुवारी २००० रोजी छापून आली. आदल्याच रात्री ते गेले होते. आपल्यानंतर ही मालिका दुसऱ्या कुणी काढू नये, अशी त्यांची इच्छा होती आणि ती पाळली गेली. यातल्या सगळ्याच चांगल्या आहेत, असं मी म्हणणार नाही. शेवटच्या काही वर्षांत त्यांचा हात थरथरायचा, रेषा तुटक व्हायची. काही दिवस तर एक उसासा आणि एक उदास कुत्रा एवढंच हाती यायचं. पण दर वर्षी लूसी लाथ मारण्यासाठी धरलेला चेंडू ऐन वेळी उचलून घेते आणि दर वर्षी मालिकेचा नायक चार्ली ब्राऊन धावत येऊन पाठीवर आपटतो. दहाव्या वर्षी त्यात नवा विनोद उरलेला नसतो. आपण वाचतो ते याही वर्षी त्याने विश्वास ठेवला का, हे बघायला. एकट्या चार चौकटींत हे मावत नाही. त्यासाठी मागची नऊ वर्षं वाचलेली लागतात, पातळ दिवसांसकट.

घसरणीचं आणखी एक कारण अगदी साधं आहे: जागा. दुसऱ्या महायुद्धात कागद टंचाईचा झाला आणि अमेरिकी पेपरांनी मालिका आखडून छापल्या. युद्ध संपलं, पण जागा परत मिळाली नाही. चित्र लहान झालं की पार्श्वभूमी जाते, हालचाल जाते आणि बोलणारी डोकी उरतात. 'कॅल्विन अँड हॉब्ज' या मुलाच्या आणि त्याच्या वाघाच्या मालिकेचे बिल वॉटरसन १९८९ मध्ये ओहायोतल्या एका भाषणात यावर कडाडून बोलले. खेळणी, कपबश्या, टी-शर्ट यांवर आपली पात्रं छापायला त्यांनी कायम नकार दिला, रविवारच्या चित्रासाठी न तोडता येणारी पूर्ण जागा भांडून घेतली आणि मालिका सुरू झाल्यावर दहा वर्षांनी, ३१ डिसेंबर १९९५ रोजी, ती स्वतःहून बंद केली. पातळ दूध घालण्यापेक्षा रतीब बंद केलेला बरा, असं ठरवणारे फार थोडे. मला त्यांच्याबद्दल आदर आहे. पण सकाळी पेपर उघडल्यावर ज्याला हॉब्ज दिसत नाही, त्या वाचकाचंही मला वाईट वाटतं.

आता मुंबईकडे येऊ. इथे खटकणारी एक गोष्ट आहे. व्यंगचित्रांच्या बाबतीत हे शहर श्रीमंत. एकोणिसाव्या शतकातच इथून 'हिंदी पंच' निघत होता. स्वातंत्र्याच्या वेळी 'फ्री प्रेस जर्नल'मध्ये आर. के. लक्ष्मण आणि बाळ ठाकरे शेजारी शेजारी काम करत होते. ठाकरे यांनी १९६० मध्ये भाऊ श्रीकांत यांच्यासह 'मार्मिक' काढलं. बोरीबंदरासमोरच्या 'टाइम्स'मध्ये लक्ष्मण यांचा चौकड्यांच्या कोटातला सामान्य माणूस १९५१ पासून अर्धशतक पहिल्या पानावर उभा राहिला. मारिओ मिरांडा यांनी फोर्टातली ऑफिसं आणि त्यातली माणसं अमर केली. तरीही रोजची, चालत्या पात्रांची, इथल्या मातीतली चित्रमालिका मुंबईच्या पेपरांत इतकी कमी का?

एक कारण कागदाचं. आपल्याकडे वर्तमानपत्री कागदावर सरकारी नियंत्रण होतं. १९७२-७३ च्या धोरणात तर पेपरांवर दहा पानांची मर्यादा आली. 'टाइम्स' काढणारी मुंबईचीच बेनेट, कोलमन कंपनी त्याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात गेली आणि १९७२ मध्येच न्यायालयाने ती मर्यादा घटनेशी विसंगत ठरवली. पण विचार करा: दहा पानांत बातम्या, बाजारभाव, छोट्या जाहिराती, अग्रलेख आणि क्रिकेट बसवायचं असेल, तर चित्रमालिकांचं अख्खं पान कोण देणार? एका रकान्यात मावणारं पॉकेट कार्टून मात्र बसतं. ते ताज्या बातमीवर असतं, त्यामुळे त्याची जागा संपादकाला पटवूनही द्यावी लागत नाही. आपली परंपरा एका चौकटीची झाली, त्यामागे प्रतिभेइतकाच कागदही आहे असं मला वाटतं.

दुसरं कारण व्यवहाराचं. बाहेरची तयार मालिका सिंडिकेटकडून स्वस्तात मिळते. इथल्या चित्रकाराला तीच जागा द्यायची, तर त्याचं रोजचं पोट भरेल इतकं द्यावं लागतं, आणि तेही एकट्या पेपराने. 'इलस्ट्रेटेड वीकली' या साप्ताहिकात ली फॉक यांचा फँटम हा मुखवट्यातला अमेरिकी नायक येत होताच. मार्च १९६४ मध्ये 'टाइम्स'नेच 'इंद्रजाल कॉमिक्स' सुरू केलं. त्यातल्या गोष्टी मुळात अमेरिकी पेपरांसाठी काढलेल्या पट्ट्या; त्या कापून, जोडून पुस्तकाच्या पानात बसवलेल्या असत. फँटम मराठीत 'वेताळ' झाला आणि त्याचा बंगाल्ला देश 'डेंकाली'. मधेच गोष्ट अडखळते किंवा आधीचं बोलणं पुन्हा येतं, याचं कारण ती रोज तुकड्यातुकड्याने लिहिलेली असायची; दुसऱ्या दिवशीच्या वाचकाला कालचं आठवून द्यावं लागे. रद्दीवाल्याकडून ढिगाने आणलेले ते अंक एका बैठकीत वाचताना आम्हा मुलांना हे कुठे माहीत होतं?

'इंद्रजाल'च्या कामात असलेल्या अनंत पै यांनी पुढे १९६७ मध्ये 'अमर चित्र कथा' आणि १९६९ मध्ये 'रंग रेखा फीचर्स' सुरू केलं. 'रंग रेखा' म्हणजे भारतीय चित्रमालिका आणि व्यंगचित्रं पेपरांना पुरवणारं आपलं सिंडिकेट. दुखणं त्यांनी अचूक ओळखलं होतं. तरी नाव झालं ते पुस्तकांचं. पेपरांच्या पानांवर बाहेरचीच मंडळी राहिली.

अपवाद होते. आबिद सुरती यांचे ढब्बूजी मुंबईहून निघणाऱ्या 'धर्मयुग' या हिंदी साप्ताहिकात वर्षानुवर्षं भेटत राहिले. १९८२ मध्ये 'संडे ऑब्झर्व्हर'मध्ये मंजुळा पद्मनाभन यांची सुकी आली. कुरळ्या केसांची, एकटी राहणारी, स्वतःशी आणि जगाशी वाद घालणारी तरुणी. ती पहिल्या दिवसापासून सगळ्यांना आवडेल अशी नव्हतीच. पण अशा पात्राला मुरायला काही महिने लागतात आणि तेवढा धीर संपादकाला धरावा लागतो.

मराठीत तो धीर 'चिंटू'ला मिळाला. २१ नोव्हेंबर १९९१ रोजी पुण्याच्या 'सकाळ'मध्ये चारुहास पंडित आणि प्रभाकर वाडेकर यांनी तो आणला. पुढे काही वर्षं तो 'लोकसत्ता'तही होता. पप्पू, मिनी, बगळ्या, परीक्षा, आंब्याचे दिवस, पहिला पाऊस. चिंटूचं घर पुण्याचं वाटतं, पण गिरगावच्या गॅलरीतही ते परकं वाटलं नाही. दिवाळीचा फराळ आणि शाळेचं दप्तर दोन्हीकडे सारखंच. २०१२ मध्ये त्यावर चित्रपटही आला. ही मालिका इतकी वर्षं मराठी वाचकाने सांभाळली, आणि तरीही तिच्या शेजारी दुसरी तशीच रुजलेली मालिका पटकन आठवत नाही, याची मला मनापासून खंत आहे. आपल्याकडे चित्रकार कमी नाहीत. त्यांना रोज चार चौकटी आणि त्या न जमण्याचे शंभर दिवस कुणी द्यायला हवेत.

आत्याच्या वह्या आता माझ्याकडे आहेत. डिंकाने पानं पिवळी पडलीत, काही चौकटी सुटल्यात. दिवाळीच्या, प्रजासत्ताक दिनाच्या सुट्टीनंतर पेपर येत नसे, तिथे तिने पेन्सिलीने रिकामी चौकट आखून ठेवली आहे. २६ जुलै २००५ ला ती अंधेरीहून निघून दुसऱ्या दिवशी दुपारी कमरेपर्यंत भिजलेल्या साडीत घरी पोचली होती. त्या पानावर २७ तारखेची चौकट आखलेली आहे आणि आत तिच्या बारीक अक्षरात लिहिलंय, 'पेपर आला नाही.' खाली २८ तारखेचा चिंटू डकवलेला आहे.