हरित जागांचा लोकवापर (नागपूर)

बागा, तलावकाठ, टेकड्या आणि राखीव वने यांपर्यंत शहरातील सर्व थरांच्या रहिवाशांना सहज, निर्धोकपणे आणि परवडेल अशा रीतीने पोहोचता येणे, तसेच त्या जागा राखण्यात त्यांचा वाटा असणे, म्हणजे हरित जागांचा लोकवापर. नागपूर झाडांच्या बाबतीत दरिद्री शहर नाही. येथे खरा प्रश्न झाडे शहराच्या कोणत्या अंगाला आहेत आणि कुंपणाचे फाटक कधी उघडते, हा आहे.

हिरवाई बहुतांशी पश्चिमेकडे एकवटली आहे. सिव्हिल लाइन्स, सेमिनरी हिल्स, तेलंगखेडी-फुटाळा, अंबाझरी आणि वायव्येला गोरेवाडा असा हा पट्टा आहे. त्यात गोरेवाड्याचे वनक्षेत्र सुमारे १,९१४ हेक्टर, तर अंबाझरी जैवविविधता उद्यान सुमारे ७५० हेक्टर आहे. याउलट महाल, इतवारी, मोमिनपुरा, लकडगंज या दाट वस्त्यांसाठी गांधीबागेसारखी मोजकी उद्याने आहेत, आणि त्यांत जंगलाचा अनुभव मिळत नाही. डिसेंबर २०२२ मध्ये मेट्रोची अ‍ॅक्वा मार्गिका प्रजापती नगरपासून लोकमान्य नगरपर्यंत पूर्ण झाली. तेव्हापासून पूर्व नागपूरकरांना गाडी न बदलता अंबाझरी तलावाशेजारच्या सुभाष नगर स्थानकावर उतरता येते. कोणत्याही नव्या बागेपेक्षा ही सोय मोलाची मानावी लागेल. मात्र स्थानकापासून पुढचे चालणे सावलीतले हवे.

या जागांचे मालक वेगवेगळे आहेत. बहुतेक बागा महानगरपालिकेच्या किंवा १९३६ च्या कायद्याने स्थापन झालेल्या नागपूर सुधार प्रन्यासच्या. महाराजबाग डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाची. वने वन विभागाची, आणि २६ जानेवारी २०२१ रोजी खुले झालेले गोरेवाडा प्राणिसंग्रहालय वन विकास महामंडळाकडे. प्रत्येकाची वेळ निराळी, नियम आणि चौकीदारही निराळे. सामान्य माणसाला हे सारे एकच 'सरकारी' वाटते, त्यामुळे बंद शौचालयाची किंवा तुटलेल्या पायवाटेची तक्रार नेमकी कुणाकडे करायची, इथेच त्याची गाडी अडते.

नागपूरच्या उन्हाळ्यात पारा ४५ अंशांच्या वर जातो. सकाळी फिरायला येणाऱ्यांची सोय बागांच्या वेळापत्रकात आधीपासून आहे. भर दुपारी सावलीची गरज असते ती हातगाडीवाल्याला, रिक्षाचालकाला आणि बांधकामावरील मजुराला, आणि नेमक्या त्या वेळी फाटकाला कुलूप असण्याची रीत जुनी आहे. म्हणून महापालिकेच्या उष्मा कृती आराखड्यात दुपारी उद्याने उघडी ठेवण्याचा उपाय आला. एक माठ, एक बाकडे आणि उघडे फाटक, एवढ्यानेही पुष्कळ भागते.

प्रवेश वाढवणे म्हणजे सरसकट रस्ते आणि झाडे लावणे नव्हे. अंबाझरीचा मोठा भाग माळरानाचा आहे. हिवाळा सरता सरता गवत पिवळे पडते, कुसळे चालणाऱ्याच्या पायजम्याला चिकटतात, मधूनच पळस पेटलेला दिसतो. तित्तिर, लावे आणि चंडोल याच गवतावर जगतात. उत्साहाने तेथे दाट रोपवन केले तर पक्षी जातात. शिवाय सुक्या गवतात फेकलेल्या एका विडीने सगळा माळ जळू शकतो. आखून दिलेली पायवाट, वणव्याच्या दिवसांत नजर ठेवणारे स्थानिक स्वयंसेवक आणि काही भाग कायम बंद, अशी विभागणी येथे जास्त शहाणपणाची आहे.

विदर्भापुरता विशेष पेच झुडपी जंगलाचा. जुन्या मध्य प्रांताच्या महसुली दप्तरांत गुरे चारण्याच्या खुरट्या, मुरमाड जमिनींना हे नाव होते. पूर्व विदर्भातील सहा जिल्ह्यांत अशी सुमारे ८६ हजार हेक्टर जमीन असून तिच्यावर कचेऱ्या, वसाहती, शाळा, स्मशानभूमीही उभ्या राहिल्या. सर्वोच्च न्यायालयाने २२ मे २०२५ रोजी या जमिनी वनजमिनीच असल्याचे ठरवले. १२ डिसेंबर १९९६ पर्यंतची वाटपे नियमित करण्याची वाट मोकळी ठेवली, तर ३ हेक्टरांपेक्षा लहान, वनाला लागून नसलेल्या तुकड्यांचा वेगळा विचार केला. शहराच्या कडेचे उरलेले तुकडे शेजारच्या वस्त्यांना चालायला, बसायला मिळावेत, यासाठी आता वन आणि महसूल विभागांना एकत्र बसावे लागेल.

नागरिकांच्या हाती असलेले मुख्य साधन म्हणजे महाराष्ट्र (नागरी क्षेत्रे) झाडांचे संरक्षण व जतन अधिनियम, १९७५. त्यानुसार तोडीपूर्वी जाहीर सूचना द्यावी लागते आणि ती झाडावरही चिकटवावी लागते. हरकत घेता येते. अजनीच्या रेल्वे वसाहतीतील झाडे नियोजित स्थानकासाठी तोडण्यास विरोध झाला, तेव्हा ही झाडी 'अजनी वन' म्हणून शहरभर ओळखली जाऊ लागली. २०२१ च्या दुरुस्तीने ५० वर्षे वा त्याहून जुन्या झाडांना 'वारसा वृक्ष' हा दर्जा मिळाला. सिव्हिल लाइन्सच्या रस्त्यांवरील कितीतरी जुनी झाडे या व्याख्येत बसतील.