शरीराची निगा (ख्रिस्ती आचार)

ख्रिस्ती शिकवणीनुसार शरीर माणसाच्या मालकीचे नसते. देवाने ते त्याच्या हवाली केलेले असते आणि त्याचा हिशेब देवाला द्यायचा असतो. त्यामुळे आहार, झोप, श्रम व औषधोपचार या बाबी भक्तीच्या कक्षेत येतात. आधार म्हणून बहुधा बायबलमधील प्रेषित पौलाचे करिंथकरांस पहिले पत्र (६:१९-२०) पुढे केले जाते. तेथे शरीराला पवित्र आत्म्याचे मंदिर म्हटले आहे खरे, पण विषय व्यभिचाराचा आहे, पथ्याचा नाही. वाढलेल्या वजनालाही हेच वचन लावणे ही ओढाताण होय. ‘खून करू नको’ ही आज्ञा अधिक भक्कम आधार देते. १५६३ च्या हायडेलबर्ग प्रश्नोत्तरीने (प्रॉटेस्टंट पंथातील धर्मशिकवणीची प्रश्नोत्तररूपी पुस्तिका, प्रश्न १०५) स्वतःला इजा करणे आणि बेपर्वाईने धोक्यात घालणे या आज्ञेखाली निषिद्ध ठरवले. तशाच स्वरूपाच्या वेस्टमिन्स्टरच्या मोठ्या प्रश्नोत्तरीत (प्रश्न १३५) अन्न, पेय, औषध, झोप, श्रम, करमणूक अशी यादीच असून प्रत्येकात संयम सांगितला आहे.

ख्रिस्ताचे देहधारण (देवाने मानवी देह घेणे) आणि शरीराचे पुनरुत्थान मानणाऱ्या धर्माला देह तुच्छ म्हणता येत नाही. मांसाहार व विवाह निंद्य मानणाऱ्यांना चौथ्या शतकातील गंग्रा (आजच्या तुर्कस्तानात) येथील धर्मसभेने दोषी ठरवले. सहाव्या शतकातील संन्यासी बेनेडिक्टची मठ-नियमावली या बाबतीत कमालीची व्यवहारी आहे : रोज माणशी एक पौंड भाकरी, दोन शिजवलेले पदार्थ, श्रम जास्त असतील तर वाढीव वाटा, अशक्त आजाऱ्यास एरवी वर्ज्य असलेले मांसही.

सर्वाधिक चुका उपासात होतात. कॅथलिक नियमात राखेचा बुधवार (ईस्टरपूर्व उपासकाळाचा पहिला दिवस) व शुभ शुक्रवार (गुड फ्रायडे) हे उपासाचे दिवस. १८ वर्षे पूर्ण झाल्यापासून साठावे वर्ष लागेपर्यंत तो बंधनकारक असतो. एक पूर्ण जेवण घेता येते, शिवाय दोनदा थोडे खाता येते. आजारी व्यक्ती आणि गरोदर वा अंगावर पाजणाऱ्या स्त्रिया यांना सूट असते. ख्रिस्तप्रसाद (उपासनेतील पवित्र भाकर व द्राक्षारस) घेण्यापूर्वीचा उपास एक तासाचा. पाणी व औषध यांनी तो मोडत नाही. हे माहीत नसल्याने अनेकजण सकाळची गोळी चुकवतात, आणि ते टाळायलाच हवे. स्वेच्छेने उपास करणाऱ्याने एक जेवण वगळून सुरुवात करावी, पाणी चालू ठेवावे, रोज चहा-कॉफी घेत असल्यास आधी काही दिवस ती कमी करत आणावी. एकदम सोडल्याने डोके दुखते आणि प्रार्थनेत लक्ष लागत नाही. इन्सुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या गोळ्या घेणाऱ्याने डॉक्टरांना विचारल्याशिवाय उपास करू नये, कारण साखर धोकादायक पातळीपर्यंत घसरू शकते. पाच दिवसांहून अधिक काळ जवळजवळ काही न खाल्लेल्या माणसाने एकदम भरपेट जेवल्यास रक्तातील फॉस्फेट व पोटॅशियम झपाट्याने उतरून हृदयाची लय बिघडू शकते. आहारविकार असलेल्या व्यक्तीच्या बाबतीत उपास हा आजाराला मिळालेला धार्मिक आडोसा ठरतो. तिला जेवणाऐवजी अन्य एखादी गोष्ट सोडायला सांगणे योग्य. अतिउपास आणि खादाडपणा यांचा शेवट सारखाच होतो, हे पाचव्या शतकातच जॉन कॅसियन या संन्यासी लेखकाने लिहून ठेवले आहे.

औषध नाकारणे हे श्रद्धेचे लक्षण आहे, असे मुख्य परंपरा मानत नाहीत. चौथ्या शतकात कैसरियाजवळ (आजच्या तुर्कस्तानात) आजाऱ्यांसाठी मोठी संस्था उभारणाऱ्या बिशप बासिलने वैद्यकाला देवाची देणगी म्हटले. सगळी आशा मात्र त्यावरच ठेवू नये, असेही बजावले. मेथडिस्ट पंथाचा संस्थापक जॉन वेस्लीने तर १७४७ मध्ये घरगुती उपचारांचे पुस्तकच छापले. सेव्हन्थ-डे ॲडव्हेंटिस्ट पंथात दारू, तंबाखू व डुकराचे मांस वर्ज्य असते आणि शाकाहाराला उत्तेजन मिळते. साल्व्हेशन आर्मी या ख्रिस्ती सेवासंघाचे ‘सैनिक’ (म्हणजे सदस्य) दारू-तंबाखूपासून दूर राहण्याची प्रतिज्ञा करतात.

याची दुसरी बाजूही चर्चने पाहिली आहे. कॅथलिक धर्मशिक्षणग्रंथ (परिच्छेद २२८९) शरीराच्या पूजेला, म्हणजे सुदृढपणा व खेळातील यश यांसाठी सर्व काही अर्पण करण्याला, स्पष्ट विरोध करतो. आजारपण वा अपंगत्व हे पापाचे फळ मानण्याची सवयही या शिकवणीत बसत नाही. जन्मांध माणसाविषयी शिष्यांनी असाच प्रश्न केला, तेव्हा येशूने त्याला किंवा त्याच्या आईबापांना दोष दिला नाही (योहान ९:३).