पडलेल्या खोलीचा सूर

शत्रूंची रांग ठरलेल्या वाटेने चालून येते. आपण मोक्याच्या जागा हेरून बुरूज उभारायचे, मारा ते आपले आपण करतात. अशा व्हिडिओ गेमला ‘टॉवर डिफेन्स’ म्हणतात. एडिनबरामधल्या ‘लकी फ्रेम’ या छोट्या स्टुडिओने २०१२ मध्ये या प्रकारात संगीत असं काही मुरवलं, की बांधकाम हीच संगीतरचना झाली. गेमचं नाव ‘बॅड हॉटेल’.

आपलं हॉटेल उभं आहे टेक्सासच्या टार्नेशन टॅडस्टॉक नावाच्या जुलमी माणसाच्या हद्दीत. ते पाडायला तो सीगल पक्षी, उंदीर, हिममानव पाठवतो. बचावासाठी खोलीला खोली जोडत जायचं. काही खोल्या पैसे कमावतात, काही गोळ्या झाडतात, आणि हे सगळं तालात वाजतं. इमारत वाढेल तशी धून भरत जाते.

मला नवल वाटतं ते याचा गोंगाट होत नाही याचं. खेळणाऱ्याला संगीत येत असेलच असं नाही, त्याचं बोट पडेल तेव्हा पडतं. मग हे जुळतं कसं?

तालाची बाजू सांभाळते ‘क्वांटायझेशन’ ही युक्ती. समजा लय मिनिटाला १२० ठोक्यांची आहे. एक ठोका ५०० मिलिसेकंदांचा, त्याचे चार भाग केले तर प्रत्येक भाग १२५ मिलिसेकंदांचा. बोट मधेच कुठेतरी पडलं, तर प्रोग्रॅम आवाज पुढच्या भागाच्या सुरुवातीपर्यंत रोखून धरतो. उशीर फार तर १२५ मिलिसेकंद, सरासरी त्याच्या निम्मा. तो सहसा खटकत नाही, कारण डोळ्यांना दिसलेलं आणि कानांनी ऐकलेलं थोडं मागेपुढे झालं तरी मेंदू ते एकाच घटनेत बांधून टाकतो. हवेत आवाज सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो. म्हणजे ३४ मीटरवरच्या फलंदाजाचा फटका आपल्याला सेकंदाच्या दहाव्या भागाइतका उशिरा ऐकू येतो, तरी तो त्याच बॅटचा वाटतो. तेत्सुया मिझुगुची यांच्या २००१ सालच्या ‘रेझ’ या नेमबाजीच्या गेमलाही याच युक्तीने ताल मिळाला.

सुरांसाठी संगीताच्या गेममध्ये पुष्कळदा सातांऐवजी पाचच स्वर वापरतात. आपल्या भूपाचे स्वर घ्या : सा, रे, ग, प, ध. यात शेजारच्या दोन स्वरांत अर्ध्या स्वराचं अंतर कुठेच नाही. कानाला सगळ्यात जास्त टोचतो तो इतक्या जवळच्या स्वरांचा एकत्र आवाज, आणि तीच जोडी इथे काढून टाकलेली असते. कोणतेही दोन स्वर एकदम वाजले तरी फारसं बिघडत नाही.

टॉवर डिफेन्स संगीताला इतका मानवतो याचं कारण मात्र याहून खोल आहे, असं मला वाटतं. बुरूज ठरावीक अंतराने गोळी सोडतो, म्हणजे तो मुळात ताल धरणारं वाद्यच आहे. उदाहरणापुरते चार-चार मात्रांनी गोळी सोडणारे दोन बुरूज घेऊ. दोन्ही एकाच मात्रेवर सुटले तर मधे तीन मात्रा शांतता, आणि शत्रूला पुढे सरकायला तेवढी मोकळीक. एकाला दोन मात्रा पुढे सरकवा. लगेच शांतता एकेका मात्रेवर येते आणि ठेकाही धावता होतो. आता एक बुरूज तीन मात्रांचा, दुसरा चारचा घ्या. एकत्र सुरुवात केली तर पुन्हा एकत्र येतात ते बारा मात्रांनंतर, तिहाई समेवर यावी तसे. तटबंदीचं आणि ठेक्याचं गणित इथे एकच आहे.

आणि खोली पडली की? तिच्यासोबत तिचा आवाजही जातो. एकसारख्या ठेक्यातला एखादा ठोका गळला, तर कानावर काहीच पडलेलं नसतानाही मेंदूत विद्युत प्रतिसाद उमटतो, ईईजीवर तो दिसतो. मेंदू पुढचा ठोका आधीच गृहीत धरून बसलेला असतो. पडद्यावर पक्ष्यांची झुंबड उडालेली असते, नजर वरच्या मजल्यावर खिळलेली असते, आणि धुनीत अचानक एक भोक पडतं. बोट खाली वळतं. डाव्या कोपऱ्यातली खोली गेलेली असते.