यिडिश ऑनलाइन आली, पण कुठली?

एप्रिल २०२१ मध्ये भाषा शिकवणाऱ्या एका मोठ्या ॲपवर यिडिश, म्हणजे पूर्व युरोपातल्या ज्यूंची हिब्रू लिपीत लिहिली जाणारी भाषा, आली आणि वाद पेटला तो एका स्वरावरून. पडद्यावर अक्षरं 'गुट' (म्हणजे चांगलं) अशी, कानावर पडतं 'गिट'. पुस्तकात 'पाणी' छापायचं आणि वाचताना 'पानी' म्हणायचं, तसला प्रकार.

लेखनाचे नियम विल्नातल्या (आजचं लिथुआनियातलं विल्नियस) एका संशोधन संस्थेचे, १९३७ साली छापलेले. संस्था दुसऱ्या महायुद्धाच्या काळात न्यूयॉर्कला गेली आणि विद्यापीठांतले बहुतेक वर्ग तेच नियम शिकवत राहिले. उच्चार मात्र न्यूयॉर्कमधल्या ब्रुकलिनच्या हसिदी (एका कर्मठ ज्यू पंथाच्या) घरांतला, हंगेरी-पोलंडकडून आलेला. धडे लिहिणाऱ्यांनी एकाचं लेखन घेतलं, दुसऱ्याचा आवाज. परिणामी 'दू' म्हणजे 'तू' आणि 'दी' हे स्त्रीलिंगी उपपद, दोन्ही कानाला 'दी'च. नवशिक्याची त्रेधा उडते. वर्गात शिकलेल्यांना हा आवाज परका, आणि हसिदी वर्तमानपत्रांत असं लेखन सापडत नाही.

तरी आवाजाचा निर्णय मला पटतो. युद्धापूर्वी यिडिश बोलणारे सुमारे १ कोटी १० लाख होते. आज ज्या घरांत लहान मुलं यिडिशमध्ये भांडतात, ती बहुतांशी हसिदी घरं आहेत. शिकणाऱ्याने कोणाशी बोलायचं, ग्रंथालयातल्या कपाटाशी?

अर्थात ते कपाटही सहज बचावलं नाही. १९८० मध्ये अमेरिकेत एका तरुण विद्यार्थ्याने आजी-आजोबांची पुस्तकं रद्दीत जाण्याआधी गोळा करायला घेतली. जगात ७० हजार प्रती उरल्या असतील, असा जाणकारांचा अंदाज होता. जमल्या दहा लाखांच्या वर. कागद ठिसूळ, म्हणून स्कॅनिंग सुरू झालं आणि २००९ पासून दहा हजारांहून जास्त पुस्तकं इंटरनेटवर फुकट वाचायला मिळू लागली.

हिब्रूची वाट वेगळी. तिथे १९९९ पासून स्वयंसेवक स्वामित्वहक्क संपलेलं साहित्य अक्षरशः टाइप करत आहेत, त्यामुळे मजकूर पहिल्यापासून शोधण्याजोगा. ज्यू धर्मगुरूंच्या निवाड्यांचं संगणकीकरण तर १९६३ पासूनचं. (मराठीतून हिब्रू शिकवायचं व्याकरण मुंबईत १८३२ मध्येच निघालं होतं, बेने इस्रायलींसाठी. पण ते असो.)

यिडिशची पानं मात्र आधी चित्रं म्हणून आली. त्यांतली अक्षरं यंत्राला ओळखता यायला आणखी काही वर्षं गेली, आणि तिथे जुनं भांडण पुन्हा उभं राहिलं. 'एमेस' म्हणजे सत्य, हिब्रूतून आलेला शब्द. न्यूयॉर्कच्या पुस्तकात हा शब्द हिब्रूसारखा तीन अक्षरी: आलेफ, मेम, ताव्ह. मॉस्कोत छापलेल्या पुस्तकात उच्चाराप्रमाणे चार: आयिन, मेम, आयिन, सामेख. सोव्हिएत सुधारकांनी हिब्रूची छाप पुसायला हे केलं. १९३२ मध्ये शब्दाच्या शेवटी येणारी पाच खास अक्षररूपंही काढून टाकली. माणूस संदर्भाने ओळखतो. शोधयंत्राला मात्र हे दोन्ही एकच शब्द आहेत, हे शिकवावं लागतं. त्यात 'व'च्या उच्चारासाठी लागणारे दोन 'वोव' (हे एक अक्षर) सुटे टाइप करता येतात आणि एकत्र जोडलेलं एकच चिन्ह म्हणूनही. डोळ्याला ते सारखेच दिसतात, युनिकोडमध्ये, म्हणजे संगणकाच्या अक्षरयादीत, त्यांचे क्रमांक निराळे.